सायलेन्सरची जाळी

सायलेन्सर खोलायची खोड आमच्या पिढीला लागली ती साफसफाईतून. हौस नंतरची. त्या काळी कोल्हापुरात फटफट्या होत्या त्या बुलेट सोडली तर टू-स्ट्रोक: आधी जावा, मग १९७३पासून त्याच म्हैसूरच्या कारखान्यातली येझदी, शिवाय राजदूत. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. त्यातलं अर्धवट जळलेलं काजळी होऊन सायलेन्सरमध्ये साचायचं. पन्हाळ्याच्या चढाला गाडी दम टाकायला लागली की समजायचं, नळी चोंदली.

मग रविवारी परसात उद्योग. सायलेन्सरचं मागचं टोक सोडवून आतली भोकं पाडलेली नळी ओढून काढायची. पुस्तकात तिला बॅफल म्हणतात, गॅरेजमध्ये जाळी. ती कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडवायची, नाहीतर लाकडं पेटवून सरळ जाळात टाकायची. ऑइलची काजळी एकदा पेटली की आपली आपण जळत राहते. नळी लालबुंद होते, धुराचे लोट उठतात आणि घरातल्या बायका शिव्या घालत दोरीवरचे कपडे गोळा करतात. गार झाल्यावर लाकडी दांडक्यानं ठोकलं की काळे पापुद्रे गळून पडतात. अशाच एखाद्या रविवारी कुणीतरी जाळी बसवायच्या आधीच किक मारून पाहिली असणार. आवाज गल्लीभर गेला, जाळी माळ्यावर गेली.

१९८५मध्ये एस्कॉर्ट्सनं यामाहाची आरएक्स १०० आणली आणि या खोडीला ऊत आला. अवघी ९८ सीसी, ताकद ११ हॉर्सपॉवर. मागचा एक स्क्रू काढला की पक्कडीनं जाळी बाहेर. पुढं पुढं पोरं हॅकसॉ घेऊन नळीच कापायला लागली. अडथळा गेला म्हणजे गाडी पळणार, हा हिशेब. फोर-स्ट्रोकला तो थोडाफार लागू पडतो, टू-स्ट्रोकला नाही. तिथं सायलेन्सरचा आकार हा इंजिनाचाच भाग असतो. धुराचा दाब नळीच्या रुंद होत जाणाऱ्या भागात शिरला की उलटी ओढ तयार होते आणि सिलिंडर रिकामा होतो. त्या ओढीनं थोडं ताजं पेट्रोलही बाहेर सटकतं. पुढच्या अरुंद होणाऱ्या भागावर आपटून दाब परत फिरतो आणि ते पेट्रोल पोर्ट बंद व्हायच्या आत सिलिंडरमध्ये ढकलतो.

हे गणित पक्कं बसवलं पूर्व जर्मनीतल्या चोपाउच्या एमझेड कारखान्यात, वाल्टर काडेन या इंजिनियरनं. १९६१पर्यंत त्यानं १२५ सीसीतून २५ हॉर्सपॉवर काढली होती. त्याच वर्षी त्याचा रेसर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीतून पळाला तो ही विद्या घेऊन सुझुकीकडे, आणि १९६२ला सुझुकीवर ५० सीसीचा जगज्जेता झाला. ज्या आकारापायी माणसानं देश सोडला, तो आमच्या पोरांनी परसात बसून कापून टाकला!

बुलेटची गोष्ट निराळी. तिथं परसातलं काम लवकरच संपलं, कारण बाजारात तयार सायलेन्सर आले: पंजाबी, इंदोरी. नुसता नट-बोल्टचा खेळ. पेट्रोल-हवेच्या मिक्श्चरकडं कुणी बघत नाही, कार्ब्युरेटरचा मेन जेट बदलत नाही. मग थ्रॉटल सोडला की गाडी फटाके फोडते आणि मालक खूश. कारखान्यानं दिलेल्या गाडीत असा फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. पोलीस जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोलर फिरवतात. त्या पत्र्याचं मला काडीचं दुःख नाही. २०२०पासूनच्या बीएस-६ गाड्यांत तर एक्झॉस्टच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. तिथं हॅकसॉ चालवणं म्हणजे निव्वळ अडाणीपणा.

हल्ली उद्यमनगरातल्या माझ्या लेथवर उलटंच काम येतं. जुनी आरएक्स हौसेनं उभी केलेली असते, सायलेन्सर रिकामा असतो, आणि जाळी करून हवी असते. नमुना आणला तर भोकं मोजून, त्याच मापाची ड्रिल लावून करून देतो. नमुना नसेल तर आधी घरचा माळा बघून या म्हणतो.