कृपा, कृपासदन आणि मुक्ती : पंडिता रमाबाईंच्या धर्मानुभवाचा एक पैलू

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या धर्मांतराची चर्चा मराठीत पुष्कळ झाली आहे; परंतु ती बहुधा १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी घेतलेल्या बाप्तिस्म्यापाशीच थांबते. स्वतः रमाबाईंनी मात्र त्या घटनेला अंतिम मानले नाही. आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात (१९०७) त्या स्पष्ट सांगतात की, बाप्तिस्म्याने ख्रिस्ती धर्म हाती आला, ख्रिस्त आला नाही. तो अनुभव येण्यास आणखी सुमारे आठ वर्षे जावी लागली. या आठ वर्षांचा अर्थ कसा लावावा, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

या काळात रमाबाई सर्वार्थाने स्वतंत्र होत्या असे म्हणता येत नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार या दृष्टीने महत्त्वाचा आहे. भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या प्रयासाने झुगारल्यावर दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान देण्यास आपण तयार नाही, असे त्यांनी १८८५ मध्ये कळविले. बायबल वाचून आपला निर्णय आपणच करण्याचा हक्क त्या सोडत नव्हत्या. तथापि चर्चच्या अधिकाराला दिलेला हा नकार म्हणजे मनाची स्वस्थता नव्हे. सत्कर्म, उपासना, नीतिनियम यांच्या बळावर योग्य ठरण्याची धडपड आत चालूच होती. १८९१ च्या सुमारास हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचताना, आपल्याला काही मिळवावयाचे नसून दिलेले स्वीकारावयाचे आहे, हे त्यांना उमगले.

कृपा हा शब्द मराठीला नवा नव्हता. संतांनी तो घरोघरी पोचविला होता. तरीही तत्कालीन उच्चवर्णीय विधवेच्या संदर्भात त्याला वेगळी धार येते. वैधव्य हे पूर्वजन्मीच्या पातकाचे फळ मानले जाई. केशवपन, एकभुक्त राहणे, मंगलकार्यातून वर्ज्य होणे, हे सारे प्रायश्चित्त आमरण चालणारे होते. 'फेडण्याचे काही उरलेले नाही' हे वाक्य अशा स्त्रीच्या रोजच्या जेवणाला आणि झोपेला स्पर्श करणारे होते. रमाबाई १८८२ मध्ये स्वतः विधवा झाल्या होत्या, हे येथे विसरून चालत नाही.

हा अनुभव खासगी राहणे कठीणच होते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन पुढे पुण्यास आले. तेथे धर्मशिक्षण न देण्याचे धोरण होते आणि जातीचे आहारनियम पाळले जात. परंतु रमाबाईंच्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी उघडे असे आणि काही मुली आपणहून जाऊन बसत. यावरून वादळ उठले. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. त्यांच्या बाजूने पाहता हा वचनभंगच होता, आणि हा आक्षेप केवळ सनातनी म्हणून निकालात काढणे योग्य नाही. मुलींवर सक्ती झाली नसली, तरी ज्यांना दुसरा आसराच नाही त्यांच्या निवडीला कितपत मोकळी म्हणावे, हा प्रश्न उरतोच.

१८९६–९७ च्या दुष्काळानंतर केडगाव येथे उभ्या राहिलेल्या संस्थेस रमाबाईंनी 'मुक्ती' हे नाव दिले. रूढ अर्थाने मुक्ती मरणोत्तर असते. येथे ती विहीर, शेत, माग आणि छापखाना यांच्या सहवासात आली. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांच्या विभागास 'कृपासदन' म्हटले गेले. या नावातच धर्मशास्त्रीय भूमिका आहे : प्रवेशापूर्वी पावित्र्याचा पुरावा मागितला जात नव्हता. अर्थात आतील दिनचर्या शिस्तीची होती. कृपेच्या घरातही पहाटे उठावे लागे.

रमाबाईंचे अखेरचे मोठे कार्य म्हणजे बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या. जन्मभर संस्कृतवर अधिकार गाजविलेल्या या विदुषीने अल्पशिक्षित बाईला स्वतः वाचता येईल अशा शब्दांचा आग्रह धरला. मध्यस्थ पुरोहिताला नकार देणारी १८८५ ची रमाबाई येथे पुन्हा दिसते. ते काम पूर्ण करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. छपाई मुक्तीतील स्त्रियांनी केली.