दांड्यातली भेग

डिसेंबर १८९२ मध्ये लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला निघालेल्या 'अम्ब्रिया' या जहाजाचा पंखा फिरवणारा दांडा भर अटलांटिकमध्ये मोडला. पंखा एकच, त्यामुळे जहाज लाटांच्या हवाली झाले. इंजिनियरांनी दांडा जागेवरच सांधला आणि ३१ डिसेंबरला जहाज न्यूयॉर्कला पोचले. दांडा जहाजाच्या आत मोडला होता, म्हणून तिथे हात तरी पोचला.

दांड्याचा शेवटचा भाग, टेल शाफ्ट, मात्र एका नळीतून बाहेर जातो. १८५४ मध्ये जॉन पेन या इंग्रज इंजिनियरने या नळीत लिग्नम व्हाइटी या कठीण लाकडाच्या पट्ट्या बसवण्याचे पेटंट घेतले. समुद्राचे पाणीच वंगणाचे काम करू लागले. झीज घटली, पण खारे पाणी दांड्याशेजारी आले. म्हणून दांड्यावर ब्राँझचे अस्तर चढवत. त्याच्या कडेतून पाणी झिरपले की गंज सुरू.

आता पंख्याचे वजन पाहू. त्याने दांडा किंचित वाकतो; वरची बाजू ताणली जाते, खालची दाबली जाते. अर्धा फेरा झाला की उलट. मिनिटाला १०० फेरे धरले तर दिवसाला १,४४,०००, वर्षाला सुमारे सव्वापाच कोटी! तुटण्याइतका नसलेला ताणही पुन्हापुन्हा दिल्याने धातू मोडतो, हे जर्मनीत व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले होते. गंजाने या शिणवट्याला वेगच येतो.

म्हणून ठरावीक मुदतीने जहाज सुक्या गोदीत घ्यायचे, पंखा उतरवायचा आणि दांडा ओढून तपासायचा. पूर्वी दांड्याला तेल लावून पुसत आणि वर खडूची पूड फासत. भेगेतले तेल पाझरून रेघ उमटे. पुढे दांडा चुंबकित करून लोखंडाची बारीक पूड टाकू लागले. भेगेशी ती गोळा होते. १९४० च्या दशकात स्वनातीत ध्वनीची पद्धत आली.

मुदत कशी ठरते? भेग दिसण्याजोगी झाल्यापासून धोकादायक होईपर्यंत जो काळ जातो, त्याहून ती कमी हवी. भेग जितकी लहान असताना सापडेल, तितकी सवड जास्त. आज बहुतेक नळ्यांत तेल असते आणि पाणी रोखणारी सील असतात. तपासणी साधारणपणे ५ वर्षांनी होते. तेलाच्या नमुन्यांत पाणी किंवा धातूचे कण वाढले नसतील, तर दरवेळी दांडा ओढावाही लागत नाही.

सव्वापाच कोटींचा हिशेब वर्गात मुलांकडूनच करवून घ्यावा. मुदत पाळण्याचा आग्रह कशासाठी, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.