चाळिशी की पन्नाशी? एका आकड्याचा इतिहास

स्तनाच्या कर्करोगाची नियमित तपासणी कितव्या वर्षी सुरू करावी, हा प्रश्न निव्वळ वैद्यकीय वाटतो. पण याच आकड्यावरून 1997 मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये मतदान झालं होतं!

सुरुवात डिसेंबर 1963 मध्ये न्यूयॉर्कला झाली. तिथल्या एका आरोग्य विमा योजनेतल्या, 40 ते 64 वयाच्या सुमारे 62,000 स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला दरवर्षी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, शिवाय डॉक्टरांकडून हाताने तपासणी. दुसऱ्या गटाला नेहमीचीच वैद्यकीय सेवा. पहिल्या गटात या रोगानं होणारे मृत्यू पुढे जवळपास तीस टक्क्यांनी कमी दिसले. मात्र सुरुवातीच्या वर्षांत हा फायदा पन्नाशी ओलांडलेल्यांतच दिसत होता. वादाचं मूळ इथं आहे.

कारण काय? चाळिशीत रोगाचं प्रमाण कमी. स्तनातल्या ऊती दाट, त्यामुळे गाठ एक्स-रेत झाकली जाते. नसलेल्या रोगाची शंका येते, मग सुई टोचून तुकडा काढा, आणि निकाल येईपर्यंत घरदार काळजीत.

जानेवारी 1997 मध्ये सरकारनं बोलावलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं, चाळिशीत सरसकट शिफारस नको, जिनं तिनं ठरवावं. गदारोळ झाला. सिनेटनं 98 विरुद्ध 0 मतांनी चाळिशीतल्या तपासणीची बाजू घेतली आणि मार्चमध्ये सरकारी सल्ला बदलला. 2009 मध्ये दुसऱ्या एका तज्ज्ञगटानं पुन्हा पन्नाशी सांगितली. त्याच गटानं 2024 मध्ये पुन्हा चाळिशी सांगितली, दर दोन वर्षांनी. मधल्या काळात चाळिशीतलं रोगाचं प्रमाणही वाढलं होतं.

आता आपल्याकडे या. मॅमोग्राफीचं यंत्र वस्तीवस्तीत कुठून आणणार? म्हणून मुंबईत टाटा हॉस्पिटलनं 1998 पासून 35 ते 64 वयाच्या दीड लाख स्त्रियांवर वेगळा प्रयोग केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी हातानंच तपासणी करत. 2021 मध्ये निकाल आला: पन्नाशीपुढे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी, त्याआधीच्या वयात ठोस फरक नाही. गंमत बघा, साधन वेगळं, देश वेगळा, आणि रेघ पुन्हा पन्नाशीलाच!

तर हा आकडा दगडावरची रेघ नाही. फायदा आणि त्रास तराजूत घालून माणसांनी केलेला तो निवाडा आहे. आणखी एक ध्यानात ठेवा. हा सगळा वाद ज्यांना काहीही त्रास नाही त्यांच्यापुरता आहे. हाताला गाठ लागली, तर वय मोजत बसू नका, डॉक्टर गाठा. आई-बहिणीला हा रोग झाला असेल, तर चाळिशीची वाट न पाहता आधीच विचारा.