दोन एक्के आणि चार पाने

पाडव्याला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. तेव्हा दिवाळी अंकात पत्त्यांची गोष्ट निघाली म्हणून सोवळ्या वाचकांनी नाक मुरडू नये. आपल्याकडे रमी आणि तीनपत्ती घरोघर ठाऊक. मला सांगायचा आहे तो मात्र अमेरिकेतल्या ‘ओमाहा’ नावाच्या पोकरचा इतिहास, आणि त्यातला एकच प्रश्न : हातात उत्तम पाने आली, तर आरंभीच रक्कम वाढवावी, की गप्प राहावे?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू ऑर्लीन्सहून मिसिसिपीच्या आगबोटींबरोबर पोकरचा खेळ पसरला. पुढे टेक्सासात त्याचा ‘होल्डेम’ हा प्रकार निघाला. रॉब्सटाऊन हे गाव त्याचे जन्मस्थान, असा ठरावच तिथल्या विधिमंडळाने २००७ साली केला! यात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात, आणि सर्वांच्या सामाईकीची पाच पाने टेबलावर टप्प्याटप्प्याने उघडतात. दोन पानांच्या जोड्या होतात १,३२६. त्यांत दोन एक्के येण्याचा योग २२१ डावांतून एकदा. पण आले, की समोरच्या एकाविरुद्ध सरासरीने शंभरांतले पंच्याऐंशी डाव आपले. तेथे विचार कसला करायचा? रक्कम वाढवावी आणि मोकळे व्हावे.

१९८२ च्या सुमारास रॉबर्ट टर्नर नावाच्या खेळाडूने लास व्हेगासच्या ‘गोल्डन नगेट’मध्ये नवा खेळ आणला. त्यात पाने दोन नव्हेत, चार मिळायची. मात्र शेवटी हातातली नेमकी दोन आणि टेबलावरची तीन घेऊनच डाव जुळवायचा. झाले! चार पानांचे प्रकार २,७०,७२५, आणि प्रत्येकाच्या हाती एका जोडीऐवजी सहा जोड्या. दोन एक्क्यांची मिरास तिथेच संपली. आठ, सत्ता, छक्का, पंजा अशी लागोपाठची पाने, त्यांतली दोन इस्पिकची नि दोन बदामाची, घेऊन कोणी बसला, तर एक्केवाल्याकडून तो दहांपैकी चारेक डाव हिसकावतो.

त्यातून या खेळात बहुधा नियम असा, की मध्ये जेवढी रक्कम जमली असेल तेवढीच वाढवता येते. म्हणजे सुरुवातीला धाक घालून कोणाला उठवता येत नाही. लोक थोडे पैसे टाकतात नि बसून राहतात. उलट, पहिल्याच बोलीला जोर केला, की ‘याच्याकडे एक्के आहेत’ हे सगळ्या टेबलाला कळते.

म्हणून जाणत्यांनी तीन प्रश्न विचारायची सवय लावून घेतली. एक्क्यांच्या सोबतची दोन पाने कामाची आहेत की पोरकी? आपली पाळी शेवटी आहे का? पुढ्यात पैसे किती उरले आहेत? पैसे थोडे असून आरंभीच बहुतेक मध्ये पडणार असतील, तर खुशाल वाढवावे. पुढ्यात रास असेल, पाळी आधी असेल आणि सोबतची पाने पोरकी असतील, तर मुकाट्याने बरोबरीचे पैसे टाकून पुढची तीन पाने पाहावीत. सोबती चांगले आणि पाळी शेवटची, तर मात्र कचरू नये. मी मास्तर माणूस. पहिल्या घटक चाचणीवरून वार्षिक निकाल सांगू नये, हे मला या हिशेबात पुन्हा दिसले.

आणि ज्याने या खेळाला दार उघडले, तो कोण? त्या पत्तेघराचा व्यवस्थापक बिल बॉइड. पाच पानांच्या जुन्या ‘स्टड’चा हा बादशहा. १९७१ ते १९७४ अशी सलग चार वर्षे जागतिक स्पर्धेत त्या खेळाची अजिंक्यपदे त्यानेच नेली. आपला खेळ मागे पडत असताना त्याचाच हट्ट धरणे त्याला सहज शक्य होते. त्याने तसे केले नाही. परक्याच्या नव्या डावाला आपल्याच दालनात टेबल दिले. हातातले एक्के केव्हा उगाच पुढे ढकलू नयेत, हे त्या माणसाला पत्त्यांबाहेरही उमगले होते.