तळटीप : आम्लाचा साठा कुठेच नसतो

* मूळ मजकुरातला ‘आम्लाने भरलेल्या पेशी’ हा उल्लेख तसाच ठेवला आहे, पण वाचकाने तो शब्दशः घेऊ नये. जठरातले आम्ल हायड्रोक्लोरिक असल्याचे विल्यम प्राउट यांनी १८२४च्या सुमारास दाखवले. ते स्रवणाऱ्या भित्तिका पेशींच्या आत मात्र सामू ७च्या आसपासच असतो. पेशीत कार्बन डायॉक्साइड आणि पाणी यांपासून हायड्रोजन आयन व बायकार्बोनेट तयार होतात. पेशीपटलावरचा पंप एटीपी खर्चून, पोटॅशियम आत घेत, हायड्रोजन आयन बाहेरच्या अतिसूक्ष्म नलिकेत ढकलतो. क्लोराइड दुसऱ्या वाटेने तिथे पोहोचते आणि आम्ल बनते ते तिथेच. नलिकेतला सामू १च्या जवळपास, म्हणजे आतल्यापेक्षा हायड्रोजन आयन सुमारे दहा लाख पट! आयन जर पेशीतच निर्माण होतात, तर आत आम्ल कसे नाही, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे उत्तर रक्तात सापडते. मागे उरलेले बायकार्बोनेट पेशी रक्तात सोडते आणि बदल्यात क्लोराइड घेते, म्हणूनच जेवणानंतर जठराकडून परतणारे रक्त अधिक अल्कधर्मी असते. आयता साठा असता तर या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी इतक्या गच्च भरलेल्या नसत्या. ओमेप्राझोलचा पुरावा तर निर्णायक आहे : ते तयार आम्लाला हातही लावत नाही, फक्त पंप बंद पाडते, आणि तेवढ्याने आम्लनिर्मिती घटते.