तात्पर्याआधीची गोष्ट

मराठी बालसाहित्याचा इतिहास बहुधा छापखान्यापासून सांगितला जातो. वस्तुतः मराठी समाजाने ग्रंथ डोळ्यांआधी कानांनी ग्रहण केला. पोथी एकाने वाचावी आणि दहांनी ऐकावी, ही आपली जुनी रीत. आजीच्या मांडीवर पेंगणारे मूलही त्या श्रोत्यांत असे. त्याला अर्थ पुरता उमगत नसला, तरी ओवीची लय त्याच्या अंगी मुरत असे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले, तेही याच रीतीवर विसंबून. पुराणश्रवणाची सवय असलेल्या समाजासाठी त्यांनी ओवीच निवडली. ज्याला अक्षर येत नाही त्याचाही ग्रंथावर हक्क आहे, हे त्या निवडीत अध्याहृत होते. लहान मूल हा असाच निरक्षर श्रोता होय. त्याच्यासाठी पुस्तक निवडताना आपण त्याचा हा हक्क मानतो काय, हा प्रश्न इतिहासाच्या साहाय्याने तपासून पाहण्याजोगा आहे.

मुद्दाम मुलांसाठी म्हणून छापलेले मराठी पुस्तक शाळेच्या आश्रयाने वाढले. मुंबईच्या हैंदशाळापुस्तकमंडळीच्या कार्याशी निगडित असलेले सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ ही दोन पुस्तके मराठीत आणली. ‘बाळमित्रा’चे मूळ फ्रेंच. आर्नो बेर्कँ या लेखकाने १७८२-८३ मध्ये मुलांसाठी मासिक पुस्तिका काढल्या आणि त्यांत घरातल्या, अंगणातल्या साध्या प्रसंगांच्या गोष्टी लिहिल्या. मुलांनी घरीच करून दाखवावेत असे छोटे नाट्यप्रवेशही त्यांत होते. म्हणजे हे लेखन कुटुंबाच्या बैठकीसाठी होते. इंग्रजीच्या वाटेने ते मराठीत उतरले तेव्हा मात्र त्याच्या हाती शालोपयोगी पुस्तकाची पाटी आली. जे आईवडिलांच्या संगतीत ऐकायचे, ते पंतोजींसमोर म्हणून दाखवायचे झाले.

छत्र्यांचे ऋण यामुळे उणे होत नाही. मराठी गद्याला त्यांनी सोपे, वाहते वळण दिले. परंतु गोष्ट आणि परीक्षा यांची गाठ त्याच काळात पडली, आणि तिचे चिन्ह म्हणजे कथेच्या शेवटी येणारे ‘तात्पर्य’. कोल्हा आंबट द्राक्षांकडे पाठ फिरवून निघाला, की मूल क्षणभर त्याच्याबरोबर चालत असते. तोच तात्पर्य येते आणि मुलाला थांबवते. गोष्टीचा अर्थ शोधण्याचे जे काम श्रोत्याचे, ते लेखकाने आधीच उरकलेले असते. नीतीला इसापाच्या कथेत स्थान आहेच. पण ती कोणी आधी सांगावी आणि कोणाला आपली आपण सापडावी, हा विवेक महत्त्वाचा आहे.

पुढे विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ १८८१ मध्ये आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ मध्ये निघाले. या मासिकांनी मुलांचे वाचन शाळेच्या भिंतीबाहेर काढले. तथापि मासिकाची वर्गणी भरणारी आणि ते वाचून दाखवणारी माणसे ज्या घरांत होती, ती घरे थोडी होती.

या कोंडीतून वाट काढण्याचा धीट यत्न शेजारच्या गुजरातेत झाला. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला कल्पित शिक्षक चौथीच्या दांडग्या वर्गाला प्रथम गोष्ट सांगतो. मग प्रत्येकाने तेच पाठ्यपुस्तक विकत घेण्याऐवजी त्या पैशांत निरनिराळी पुस्तके आणून तो वर्गाचे ग्रंथालय उभारतो. एका पुस्तकाच्या चाळीस प्रती आणि चाळीस वेगळी पुस्तके यांतला फरक ज्याला कळला, त्याला पुस्तक निवडणे म्हणजे काय हे कळले. मुलाला नको असलेले पुस्तक बाजूला ठेवण्याची मुभाही त्यातच येते.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हा विचार मराठी मुलखात रुजवला. १९४५ मध्ये त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी जन्मली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आरंभली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. अंगणात बसलेल्या त्या वारली मुलाची घरची बोली वेगळी आणि पुस्तकाची भाषा वेगळी. त्याने तोंड उघडताच चूक काढली, तर ते मूल गप्प होते, आणि गप्प झालेल्या मुलापर्यंत पुस्तक पोहोचत नाही.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. त्याच किनाऱ्यावर खाली वसईत सामवेदी वा वाडवळी बोलत वाढलेल्या मुलालाही पुस्तकाची मराठी पायरी चढूनच गाठावी लागली आहे. येथे मोठ्याने वाचून दाखवण्याचे मोल ध्यानी येते. छापील पान बोली बदलू शकत नाही. वाचणारा मात्र मध्येच थांबून अडलेला शब्द घरच्या बोलीत सांगू शकतो आणि पुन्हा पुस्तकाच्या ओळीवर येऊ शकतो. दोन भाषांमधला पूल असा आईच्या, आजोबांच्या आवाजातच बांधला जातो.

मग पुस्तक निवडावे कसे? ते आधी स्वतः मोठ्याने वाचून पाहावे. ज्या वाक्याला आपलीच जीभ अडखळते, ते मुलाच्या कानी नीट पडणार नाही. चिमणी-कावळ्याची गोष्ट पिढ्यान्पिढ्या टिकली ती तिच्यातल्या पुनरावृत्तीमुळे. चिमणी दार न उघडण्याची पुढची सबब काय सांगणार, हे मुलाला ठाऊक असते आणि ती सबब ते आपल्याआधी सांगून टाकते. तेथे ऐकणारा सांगणारा होतो. चित्रावर मुलाला रेंगाळू द्यावे, तीच गोष्ट दहाव्यांदा मागितली तरी वाचावी, आणि शेवटी तात्पर्य छापलेले असेल तर तेवढी ओळ खुशाल गाळावी.

ज्या घरात वडीलधाऱ्यांना वाचता येत नाही, तेथे शाळेत जाणाऱ्या ताईने धाकट्याला वाचून दाखवावे आणि आजीनेही शेजारी बसून ऐकावे. एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे, ही रीत जुन्या पोथीइतकीच आजच्या चित्रपुस्तकालाही लागू पडते. जे मूल कोणाच्या तरी आवाजात पुस्तक भेटल्यानंतर शाळेत जाते, त्याला अक्षरे परकी वाटत नाहीत. ती त्या ओळखीच्या आवाजाची खूण होऊन त्याच्यासमोर येतात.