एका फटीची करामत

स्टॅन्ली कुब्रिक यांचा ‘टू थाउजंड अँड वन: ए स्पेस ओडिसी’ हा चित्रपट १९६८ सालीं अमेरिकेंत प्रथम दाखविण्यांत आला. त्याच्या अखेरच्या भागांत एक अंतराळवीर रंगीत प्रकाशाच्या दोन भिंतींमधून अतर्क्य वेगानें ओढला जातो. तेवढ्या भागासाठीं तरुण मंडळी पडद्यासमोरच्या पहिल्या रांगेंत जाऊन बसत. कित्येक जण मादक द्रव्य सेवन करूनच येत. पुढें जाहिरातींतहि या चित्रपटास ‘परमोच्च सफर’ अशा अर्थाचें द्व्यर्थी बिरुद लागलें. अशा द्रव्यांच्या परिणामाला अनुलक्षून ‘सायकेडेलिक’ हा शब्द मानसोपचारतज्ज्ञ हंफ्री ऑस्मंड यांनीं १९५७ सालीं प्रचारांत आणला होता. तोच या दृश्यालाहि चिकटला. तें कोणा धुंदींतल्या माणसाच्या डोक्यांतून निघालें असावें, असा ग्रह होणें मग साहजिकच आहे. परंतु त्याची घडण पाहिली म्हणजे हा ग्रह टिकत नाहीं.

दिवाळींत मुलगा काळोखांत फुलबाजी गरगरां फिरवितो, तेव्हां आपणांस तेजाचें एक वर्तुळ दिसतें. कॅमेऱ्याचें शटर तेवढा वेळ उघडें ठेवलें, तर तें वर्तुळ फिल्मवर कायमचें उमटतें. सारी युक्ति एवढ्यावर उभी आहे. एका काळ्या पडद्याला अरुंद उभी फट ठेवावयाची. फटीमागें रंगीत आकृत्यांची कांच, तिच्यामागें दिवे, आणि समोर रुळांवर कॅमेरा. शटर उघडून कॅमेरा दुरून फटीजवळ आणावयाचा व त्याच वेळीं मागचें चित्र आडवें सरकवावयाचें. कॅमेरा दूर असतां फट चौकटीच्या मध्याजवळ दिसते. तो जवळ येतां येतां ती कडेला सरकते. त्यामुळें ती एकच प्रकाशरेघ ताणली जाऊन दूरवर गेलेली भिंत होते. यालाच ‘स्लिट-स्कॅन’ म्हणतात.

आणि हें सारें झालें, कीं हातीं काय लागतें? तर एक चौकट! सेकंदाला अशा २४ लागतात. कॅमेरा पुनः मागें न्यावयाचा, चित्र किंचित् पुढें सरकवून ठेवावयाचें, आणि तोच खेळ पुनः. कॅमेरा चालत असतां भिंगहि क्षणोक्षणीं जुळतें राहिलें पाहिजे. नाहींतर सारें धूसर. एक बाजू संपली म्हणजे फिल्म मागें गुंडाळून त्याच चौकटींवर दुसरी बाजू घ्यावयाची. दुसऱ्या वेळीं चूक झाली, तर पहिलीहि मेहनत फुकट. दादासाहेब फाळके यांनीं वाटाण्याचा वेल वाढतांना चौकट चौकट टिपून कित्येक दिवस कांहीं क्षणांत आणून दाखविले होते. येथें एकेका चौकटींत एकेक प्रवास कोंबला आहे.

हें यंत्र उभें करणारे डग्लस ट्रंबुल यांचा जन्म १९४२ चा. म्हणजे तेव्हां ते केवळ पंचविशीच्या आंतबाहेर होते. मूळ कल्पना जॉन व्हिटनी यांची. त्यांनीं महायुद्धांतील, विमानांवर तोफेचा नेम धरणारें एक यंत्र घेऊन त्याच्याकडून चित्रें फिरविण्याचें काम करून घेतलें होतें. शस्त्राचा याहून सुंदर उपयोग माझ्या तरी ऐकिवांत नाहीं.

याच चित्रपटांतील आदिमानवाच्या भागाला निराळी युक्ति आहे. आफ्रिकेंतील माळरानाचीं छायाचित्रें लंडनजवळच्या स्टुडिओंत, कॅमेऱ्यासमोर तिरक्या बसविलेल्या अर्धपारदर्शक आरशावरून मागच्या पडद्यावर टाकलीं. पडद्याचें कापड असें, कीं पडलेला प्रकाश आल्या वाटेनेंच, थेट भिंगाकडे, परत जावा. नटांच्या अंगावरहि तें चित्र पडे, पण इतकें फिकें, कीं दिसत नसे. एका बिबळ्याचे डोळे मात्र त्या प्रकाशानें झगझगून उठले. तो निव्वळ योगायोग. तो तसाच ठेवण्यांत आला, हें बरें झालें.

१९६९ सालीं या दृश्यकरामतींचें ऑस्कर पारितोषिक एकट्या कुब्रिक यांना मिळालें. कल्पना त्यांची, आग्रहहि त्यांचा, हें मान्य. परंतु रुळांवरचा कॅमेरा चौकटीगणिक मागें नेणारे हात दुसऱ्यांचे होते, आणि मला हा निवाडा न्याय्य वाटत नाहीं. ट्रंबुल यांनींहि पुढें ही खंत बोलून दाखविली. २०२२ सालीं ते वारले. चित्रपटाच्या श्रेयनामावलींत वॉली व्हीव्हर्स, डग्लस ट्रंबुल, कॉन पेडरसन आणि टॉम हॉवर्ड हीं चार नांवें आहेत.